दारात विचारायचं कोणी?

यंदा महालक्ष्म्या बसवायच्या नाहीत, असं मी आषाढातच ठरवून टाकलं होतं. ठरवलं म्हणजे देवघरापुढे उभी राहून चक्क तसं सांगितलं. चौतीस वर्षं तुमचं केलं. ताप अंगावर काढून केलं, मुलगी पोटात असताना आठव्या महिन्यात सोळा भाज्या चिरून केलं. आणि तुम्ही काय केलंत, तर ज्या माणसानं तुम्हाला दारात विचारायचं, त्याचीच वाचा काढून घेतलीत. मग आता येता कशाला? एवढं बोलून मी निरांजन लावलं, कारण हाताला सवय, आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. मी देवाशी भांडणारी बाई आहे. हा अनुभव लिहिताना ते लपवलं तर पुढचं सगळंच खोटं होईल, म्हणून आधीच सांगून मोकळी होते.

आमच्या यजमानांचं गांधीबागेत साड्यांचं ठोक दुकान. आता पुतण्या बघतो. साड्या उलगडून दाखवायला माणसं होती, यांचं काम फक्त बोलायचं. उमरेडचे, भंडाऱ्याचे दुकानदार यायचे ते निम्मे माल न्यायला आणि निम्मे यांच्या गप्पा ऐकायला. हुडकेश्वरला घरी परत आले तरी तोंड थांबायचं नाही. जेवताना बोलणं, अंघोळीला गेले तर दाराआडून बोलणं. मी किती वेळा म्हटलं असेल, "अहो, घडीभर चूप बसा न." चैत्रात एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या ओठाचा कोपरा खाली आला, हातातला ब्रश पडला आणि ते चूप बसले. माझं ते वाक्य तेव्हापासून मला टोचत आलं आहे.

धंतोलीच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. पायात हळूहळू जोर आला, चार पायांच्या काठीनं चालू लागले, उजवा हात खांद्यापर्यंत वर जाऊ लागला. बोलण्याचा मात्र पत्ता नव्हता. समजत सगळं होतं, शब्द तेवढा सापडत नव्हता. अख्ख्या भाषेतला एकच शब्द त्यांच्याजवळ उरला होता, "चला". चहा हवा का, तर चला. पंखा बंद करू का, तर चला. डोळ्यांत पाणी यायचं तेव्हाही चला. सुरुवातीला मला भडभडून यायचं, मग चिडचिड व्हायला लागली. पाच महिने दिवसातून शंभरदा एकच शब्द ऐकून बघा. "कुठं चला? सांगा न कुठं चला?" असं मी एकदा ओरडले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा चित्रांचे पत्ते दाखवायच्या, पोपट, कप, घर. यांनी आयुष्यभर हजार माणसं बोलण्यात गुंडाळली, त्यांना पोपट म्हणायला लावायचं. श्रावण लागेपर्यंत त्यांनी पत्त्यांकडे बघणंच सोडलं. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की तुम्ही जितकं बोलतं करता येईल तितकं करा, पण त्यांनी स्वतःच प्रयत्न सोडला तर आमचा इलाज नाही. माझी खरी भीती हीच होती. वाचा गेली ती गेलीच, आता माणूसही आतून दार लावून घेतोय असं मला दिसत होतं.

दारात विचारायचं म्हणजे काय, तेही सांगते. भाद्रपदात गौरी येतात, त्यांना आम्ही विदर्भात महालक्ष्म्या म्हणतो. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. पहिल्या दिवशी त्यांचे मुखवटे तुळशीपासून घरात आणतात. आमच्या घरची पद्धत अशी की घरचा पुरुष उंबरठ्याच्या आत उभा राहतो आणि मोठ्यानं विचारतो, "कोण आलं?" मुखवटे घेतलेली बाई उत्तर देते, "लक्ष्मी आली." तो विचारतो, "कशाच्या पायी आली?" ती म्हणते, "सोन्याच्या पायी, रुप्याच्या पायी." मग त्यानं बाजूला व्हायचं आणि तिनं आत यायचं. पुढे स्वयंपाकघर, कोठीची खोली, जिना, घरातल्या प्रत्येक उंबरठ्यावर हेच सवालजवाब. यांचा आवाज असा की चार घरं पलीकडे कळायचं, यांच्याकडे महालक्ष्म्या आल्या. तो आवाज नसेल तर मला ते मुखवटे उचलायचेच नव्हते.

पण पोळ्यानंतर एक दिवस हे माळ्याखाली जाऊन उभे राहिले आणि काठीनं माळ्याची फळी ठोकू लागले. वर महालक्ष्म्यांच्या कोठ्या, म्हणजे ज्यांच्यावर मुखवटे बसवून साड्या नेसवतात ते पत्र्याचे सांगाडे ठेवलेले. "चला, चला," असं म्हणत ठोकत राहिले, ठोकत राहिले, शेवटी पोपडे खाली पडायला लागले. मी कपाळाला हात लावला आणि स्टूल घेतलं. मला वाटलं, यांच्या मनात आहे की त्या दिवशी तरी शब्द येईल. तोच माझ्या मनातलाही लोभ, खोटं कशाला बोलू.

आता त्या दोघी बहिणींचं. नीमा आणि रेहेमा. टांझानियाच्या. थोरल्या रेहेमाचा गुडघा धंतोलीत बदलला होता आणि व्यायामाला ती आम्ही जातो त्याच ठिकाणी यायची. बाहेरच्या बाकावर महिनाभर आम्ही शेजारी शेजारी बसलो. धाकटी नीमा पंचेचाळिशीची, घरी कपडे शिवायचा धंदा. दोन महिन्यांत हिंदी शिकली होती, पण कुठली, तर दवाखान्याची. "साँस लो. हिलो मत. दर्द है? टेन्शन नहीं लेना." या चार वाक्यांवर ती सगळा संसार चालवायची. पहिल्याच भेटीत तिनं माझा पदर बोटांत धरून कापड चोळून बघितलं. मला राग आला, पण यांचे डोळे चमकले. कापड असं बघणारं माणूस त्यांना बरोबर ओळखू येतं. त्या दिवसापासून ती यांना भाई म्हणू लागली आणि रोज काहीतरी कापड आणायची, हे चोळून बघायचे आणि मान डोलवायचे किंवा नाक मुरडायचे. महिन्याभरातलं त्यांचं सगळ्यात लांब संभाषण तेच.

आणि मग मी ती चूक केली, जी नागपूरची कुठलीही बाई करते. त्यांची परत जायची वेळ आली, रविवारी संध्याकाळचं विमान होतं. निरोप घेताना मी म्हटलं, "आना ना एक बार घर को." आमच्यात याचा अर्थ एवढाच असतो की बरं झालं भेटलो, आता निघा. ऐकणाऱ्यानं "हो हो, नक्की" म्हणायचं आणि कधीही यायचं नाही. नीमानं विचारलं, "कब?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तरच नाही. मी गडबडले, "कभी भी." यांनी त्याच वेळी खिशातून दुकानाचं कार्ड काढून मागं घराचा पत्ता दाखवला. झालं.

शुक्रवारी महालक्ष्म्या यायच्या. साडेतीन वाजता मी सोवळ्यात, ओल्या लुगड्यानं पुरणाची डाळ शिजवतेय, मोठ्या जाऊबाई गावाहून येऊन फुलोऱ्याच्या करंज्या दोऱ्यात ओवताहेत, आणि फाटकाशी ऑटो थांबला. चार सुटकेसा, एक चार पायांची काठी आणि दोघी बहिणी. त्यांच्या भाड्याच्या खोलीची मुदत त्या दिवशी संपली होती. शेवटचे दोन दिवस कुठं काढायचे, तर आंटीनं बोलावलंय न, कभी भी. मी दारात उभी राहून मनातल्या मनात देवीला म्हटलं, वाचा मागितली होती, पाहुणे नव्हते मागितले.

"ह्या कोण वं?" जाऊबाई कुजबुजल्या.

"दवाखान्यातल्या ओळखीच्या."

"आन आजच काहून?"

"मीच बोलावलं, बाई. काय सांगू तुम्हाले."

जाऊबाईंनी दोघींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माहेरपणाले आल्या म्हन. पानी दे आधी."

नीमा चप्पल बाहेर काढून आली ती थेट स्वयंपाकघराकडे. मी आडवा हात घातला. सोवळं हिंदीत कसं सांगतात मला आजही ठाऊक नाही. मी म्हटलं, "यहाँ इन्फेक्शन होता है." तिला ते लगेच पटलं. दोन महिने दवाखान्यात काढलेले. उंबरठ्याबाहेर पाट घेऊन बसली आणि भोपळा सोलायला मागू लागली. रेहेमाला खाली बसता येत नव्हतं. यांच्यासाठी न्हाणीघरात बसवलेले दांडे आणि संडासाचं उंच भांडं तिच्या कामी आलं आणि ती यांच्या खुर्चीशेजारी दुसऱ्या खुर्चीत बसली. दोघांच्या काठ्या एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या. भिंतीला टेकून दोन काठ्या आणि समोर दोन मुकी माणसं, कारण रेहेमाला तर नीमाएवढीही हिंदी येत नव्हती.

संध्याकाळी यांनी सोवळ्याचा रेशमी कद नेसला. पुतण्यानं नेसवून दिला. काठी टाकून चौकट धरून उंबरठ्याच्या आत उभे राहिले. मी तुळशीपासून परातीत मुखवटे घेऊन आले, मागं जाऊबाई थाळी वाजवत, शेजारच्या चार बायका आणि शेवटी त्या दोघी बहिणी. मी दारात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"चला."

थाळी वाजायची थांबली. त्यांनी मान हलवली, नाही, हे नाही. पुन्हा श्वास घेतला. "चला." मानेच्या शिरा तटतटल्या, चौकटीवर मूठ आपटली, "चला, च... चला." मी मनातून त्या पितळी तोंडांना म्हणत होते, अगं बायांनो, एक शब्द, एवढा एकच. शेजारणी खाली बघायला लागल्या. जाऊबाई शेवटी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, राहू द्या आता. येळ होऊन राहिला. मी इचारते." आणि त्यांच्या खांद्यामागं जाऊन त्यांनी विचारलं, "कोण आलं?" मी उत्तर दिलं. काय दिलं, कसं दिलं, आठवत नाही. हे बाजूला झाले, खुर्चीत जाऊन बसले आणि भिंतीकडे तोंड केलं. आम्ही खोलीखोलीतून सवालजवाब करत फिरलो, त्या दोघी बहिणी मोठ्या भक्तिभावानं मागं मागं, आणि प्रत्येक उंबरठ्यावर मला वाटत होतं की मी त्यांच्या छातीवर पाय देऊन जातेय. त्या संध्याकाळी मी चहाचं विचारलं तर त्यांनी "चला" सुद्धा म्हटलं नाही. जो एक शब्द होता तोही देवीनं दारात ठेवून घेतला, असं मला वाटलं आणि मी आरतीला ओठ हलवले नाहीत.

शनिवारी पूजनाचा दिवस, आणि माझा अंत बघायचं काम नीमानं हाती घेतलं. सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली आणि बैठकीच्या दारात थांबली. समोर हे. ती यांच्याकडे बघत वाट पाहत उभी. हे बघेनात. मग तिनंच जाड आवाज काढून विचारलं, "कोन आला?" आणि बारीक आवाजात स्वतःच उत्तर दिलं, "लक्ष्मी आली!" आणि आत आली. मला वाटलं, गंमत करतेय, पाहुणी आहे, सोडून द्या. पण अंगणातून आली तरी तेच, गच्चीवरून आली तरी तेच. प्रत्येक वेळी उंबरठ्यावर थांबायचं, यांच्या तोंडाकडे बघायचं, दहा आकडे मोजून होतील एवढा वेळ थांबायचं आणि मग दोन्ही आवाज स्वतःच काढायचे. रेहेमा हसायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. त्या नीमाला हसत होत्या की यांना, ते मला कळेना, आणि माझं डोकं फिरलं.

मी तिला कोपऱ्यात घेऊन म्हटलं, "ये खेल नहीं है. भगवान का है. और वो बीमार हैं, उनको दुख होता है."

तिचा चेहरा पडला. "खेल नहीं, आंटी," ती म्हणाली. मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं जे सांगितलं ते असं, की दवाखान्यात प्रत्येक खोलीच्या दारात नाव विचारतात, सांगितल्याशिवाय आत घेत नाहीत. काल तुम्हीही प्रत्येक दारात विचारत होतात. मला वाटलं, तुमच्यात घरात शिरायची रीतच ही आहे आणि विचारायचा मान भाईंचा आहे. न विचारता गेले तर भाईंचा अपमान.

चौतीस वर्षं ज्याचा मान होता, तो शेजारणी, जाऊ आणि मी मिळून एका संध्याकाळी काढून घेतला होता, आणि ही परकी बाई दहा आकडे मोजेपर्यंत दारात थांबून तो त्याला परत देऊ बघत होती. हे शहाणपण मला आज सुचतंय. त्या दिवशी मी फक्त "ठीक है, मत करो" म्हटलं आणि कढीला फोडणी घालायला गेले. तिनं कान पकडले. पाचच मिनिटांनी पुढच्या दारात पुन्हा "कोन..." म्हणून थबकली आणि तोंडावर हात ठेवला. सवय लागली होती. दुपारी एकदा ती अशीच थांबली तेव्हा यांचे ओठ हलल्यासारखे दिसले. सुपारी चघळत असतील, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

जेवायला दोघींना खुर्च्या टाकल्या, केळीची पानं मांडली, सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील. रेहेमानं आंबील तीनदा घेतली. जाऊबाई म्हणाल्या, लेकी माहेराहून रिकाम्या जातात काय वं, ओटी भर. मी कपाट उघडून हाताला लागतील त्या दोन साड्या काढत होते, तर मागून काठी आपटली. हे उठून आले होते. काठीच्या टोकानं वरच्या कप्प्यातल्या साड्या दाखवल्या, दुकानातून खास आणून ठेवलेल्या. नीमानं उलट त्यांच्या मांडीवर एक कापड ठेवलं, तिच्या देशातलं, मोठमोठ्या फुलांचं, दोन तुकडे जोडीनंच विकतात म्हणे. यांनी ते बोटांत चोळून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि मान डोलवली. बोलणं मात्र नाहीच. मी ते दोन तुकडे देवीच्या मागं पडद्याला लावले. कुरकुरतच लावले, पण शोभून दिसले, हे कबूल करते.

रविवारी दुपारी विसर्जन. मुहूर्त लवकरचा होता. अक्षता टाकून मुखवटे जरा हलवायचे आणि कानाशी लागून सांगायचं, पुढच्या वर्षी लवकर या. यंदा मी वाकले आणि कानात म्हटलं, "यायचं असेल तर या, नसेल तर नका येऊ. मी आता काही मागणार नाही. मला जमत नाही." हे रागानं म्हटलं की हात टेकून, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही. जाऊबाईंना त्यांचा मुलगा घेऊन गेला. पुतण्या दुकानात गेला. पाचाच्या सुमारास टॅक्सी आली आणि त्या दोघी बहिणी निघाल्या. नीमानं मला मिठी मारली, यांच्या हातावर डोकं टेकवलं, म्हणाली, "टेन्शन नहीं लेना." रेहेमा काठी टेकत टेकत गेली. फाटक लावून मी आत आले तेव्हा घरात अशी शांतता होती की मला घड्याळाचा राग आला. हे दाराजवळच्या खुर्चीत, तोंड भिंतीकडे. मागच्या अंगणात जाऊन नळ सोडला आणि पुरणाचं पातेलं घासायला बसले.

दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. नळाच्या आवाजात मला दार वाजल्यासारखं वाटलं. हात मातीचे, मी म्हटलं, वाजू दे, यांना उठता येतं. पुन्हा वाजलं. मग काहीतरी घसरल्याचा, पडल्याचा आवाज आला. आणि मग तो आवाज.

"कोण... आलं?"

मी नळ बंद केला. शेजारच्यांचा टीव्ही असेल, असं आधी वाटलं. पण तो आवाज मी चौतीस वर्षं ऐकला होता. खरबरीत झाला होता, अर्धा आत अडकला होता, तरी तोच. मी तशीच धावले. हे खुर्चीतून अर्धे उठलेले, एक हात भिंतीवर, पायाशी काठी पडलेली. माझ्याकडे असे बघत होते, जणू तोंडातून काहीतरी जिवंत बाहेर पडलं आणि ते पकडावं की जाऊ द्यावं हे कळत नाही. मग दाराच्या त्या बाजूनं बारीक आवाजात, ठरलेल्या चालीवर उत्तर आलं,

"लक्ष्मी आली!"

यांची छाती वर आली. "कशा... कशाच्या..." डोळे मिटले, मूठ भिंतीवर टेकली. "कशाच्या पायी?"

नीमाला पुढचं येत नव्हतं. तिनं दोन दिवस तेवढंच घोकलं होतं. उत्तर द्यायचं काम माझं, नेहमीसारखंच माझं, आणि मला आवाज फुटेना. पाच महिने त्यांच्या तोंडून शब्द यावा म्हणून जीव टाकणारी मी, आणि आता मीच अडले. शेवटी कसंबसं म्हटलं, "सोन्याच्या पायी. रुप्याच्या पायी." म्हटलं, आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. मग आठवलं की दार उघडायचं आहे.

दारात नीमा उभी होती, हातात चार पायांची काठी. "आंटी, भाई का पैर हमारे साथ चला गया." काठ्या बदलल्या होत्या. रेहेमाची काठी आमच्याकडे राहिली होती, ती दोन बोटं बुटकी. हे दार उघडायला उठले, हातात ती बुटकी काठी आली, ती घसरली आणि त्यांना पुढं जाता येईना. दार वाजतंय, जाता येत नाही, बायको मागच्या अंगणात. विचारण्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून विचारलं. एवढंच घडलं. नीमानं यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काठी त्यांच्या हातात दिली आणि व्यायामाच्या बाई म्हणतात अगदी तसंच म्हणाली, "बहुत अच्छा. एक बार और." टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. ती उंबरठ्याबाहेर जाऊन उभी राहिली, आणि यांनी पुन्हा विचारलं, आधीपेक्षा स्पष्ट. तिनं पुन्हा सांगितलं. मग बुटकी काठी घेऊन पळत सुटली. रेहेमा गाडीच्या खिडकीतून काहीतरी ओरडत होती, ते काय होतं हे मला कधीच कळणार नाही.

सोमवारी मी बोलणं शिकवणाऱ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, होतं असं. वर्षानुवर्षं पाठ असलेले शब्द मेंदूत वेगळ्या जागी राहतात, योग्य वेळी कुणी समोर थांबून वाट बघितली तर सुटून येतात. त्या सांगतात ते खरंच असेल. मला त्यावर वाद घालायचा नाही. मला एवढंच दिसतं की मी देवीसाठी दार, वेळ, सोवळं, सवालजवाब सगळं आखून ठेवलं होतं, आणि ज्या क्षणी हात टेकून म्हटलं की यायचं असेल तर या, त्यानंतर थोड्याच वेळात माझ्या दारावर थाप पडली. थांबून वाट बघायचं कामही मी करत नव्हते. मी पत्ते दाखवत होते, चिडत होते, शब्द मागत होते. दहा आकडे मोजेपर्यंत कुणीतरी उंबरठ्यावर नुसतं उभं राहायला हवं होतं, आणि त्या कामासाठी समुद्रापलीकडून दोन बहिणी आल्या, त्याही मी खोटं खोटं बोलावलं म्हणून. माझा उर्मटपणाही देवीनं वाया जाऊ दिला नाही. याहून जास्त कृतज्ञता कशी लिहितात ते मला येत नाही.

आता ते थोडं थोडं बोलतात. पाणी, कापड, नातीचं नाव. पोपट अजून म्हणत नाहीत, आणि मला वाटतं मुद्दामच म्हणत नाहीत. पण "कोण आलं?" मात्र पक्कं बसलं आहे. दूधवाल्याला कोण आलं, गॅसवाल्याला कोण आलं, मांजर आली तरी कोण आलं. पुन्हा दिवसातून शंभरदा एकच, आणि पुन्हा माझी चिडचिड. काल मी बाजारातून आले, दोन्ही हातांत पिशव्या, मेथीच्या जुड्या बाहेर आलेल्या, घामानं निथळत. हे काठी आडवी धरून दारात उभे.

"कोण आलं?"

"अहो, मी आहे. सरका न."

काठी हलली नाही. "कोण आलं?"

चौतीस वर्षं या दारात मी त्या दोघींच्या वतीनं उत्तर दिलं. स्वतःसाठी ते कसं म्हणायचं, लाज वाटते हो. रस्त्यावरून शेजारीण बघत होती. ते थांबले होते, दहा आकडे मोजून होतील एवढा वेळ, आणि अजूनही थांबलेच असते. मी पिशव्या खाली ठेवल्या, पदरानं तोंड पुसलं, उंबरठ्याबाहेर नीट उभी राहिले आणि सांगितलं.